रोजचा गृहपाठ बंद, आठवड्याला एकच, तोही घरच्यांसोबत. तुमच्याकडे कसं चालतं?

मासुंदाकाठी (शुक्रवार, रात्री १०.४०)

लेक तिसरीत आहे. ठाण्यातली मराठी शाळा, सेमी इंग्रजी. या वर्षी नव्या मुख्याध्यापिका आल्या आणि त्यांनी रोजचा गृहपाठ बंद केला. पहिली-दुसरीला काहीच नाही. तिसरी-चौथीला शुक्रवारी अर्ध्या पानाचा एक कागद मिळतो, तो पुढच्या गुरुवारपर्यंत घरातल्या कुणासोबत तरी पुरा करायचा.

एकदा आलं होतं, घरातल्या मोठ्या माणसाला त्याच्या लहानपणीच्या शाळेचा रस्ता विचारा आणि नकाशा काढा. सासूबाई कुडाळकडच्या. त्यांच्या नकाशात शाळा कोपऱ्यात बोटाएवढी आणि वहाळावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) अर्धं पान व्यापून, कारण साकवावरून पाणी गेलं की शाळेला सुट्टी. त्यानंतर विजेचा कागद आला. रविवारी सकाळी आणि रात्री मीटरचा आकडा लिहून घ्या, वजाबाकी करा आणि 'जास्त वीज कशाला लागली यावर घरात वाद घाला'. खरंच असं छापलं होतं, वाद घाला. आमच्याकडे रीतसर झाला. नवरा म्हणे टीव्ही, लेक म्हणे फ्रिज. शेवटी गिझरवरची पट्टी वाचली तर २००० वॉट. म्हणजे अर्धा तास चालला की एक युनिट. ९ वॉटचा दिवा तेवढ्यात शंभर तासांच्या वर जळतो. तेव्हापासून अंघोळीला कोण किती वेळ लावतं यावर लेकीचा पहारा असतो.

मला हे सगळं आवडतंय. पालकांच्या ग्रुपवर मात्र महाभारत चालू आहे. एक गट म्हणतो यात अभ्यास कुठाय, शिष्यवृत्तीला काय करायचं. दुसरा म्हणतो आम्ही दोघं नोकरीला, घरच्यांसोबत म्हणजे कुणासोबत? पुढच्या शनिवारी पालकसभा आहे. तिथे हा उपक्रम बंद पडेल अशी चिन्हं आहेत.

तुमच्या मुलांच्या शाळांत काय पद्धत आहे? बाजारातून काही न आणता होण्यासारखे उपक्रम सुचवा. आणि वेळ कसा काढता तेही सांगा.

आठदोनची_फास्ट (शुक्रवार, रात्री ११.१५)

ताई, राग मानू नका, पण 'उपक्रम' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. आम्ही घोडबंदरला राहतो. सकाळी सातला बाहेर पडतो, परत यायला साडेआठ-नऊ. मुलगा चौथीत, शाळा इंग्रजी माध्यमाची. मागच्या वर्षी त्याला ज्वालामुखी करून आणायला सांगितला. रात्री दहाला स्टेशनरीचं दुकान उघडायला लावलं. तिथे आमच्यासारखेच चार बाप रांगेत. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, शाळेच्या मॉडेलसाठी मात्र मागाल त्या जाडीचा निघतो. दुकानदाराकडे तयार पवनचक्क्याही होत्या, रंगवलेल्या आणि न रंगवलेल्या, दोन भावांत.

गृहपाठ मुलाचा, हात आईचे, पैसे बापाचे आणि वहीत स्टार स्टेशनरीवाल्याला. तुमचा मीटरवाला प्रकार ऐकायला छान आहे. पण शाळांना एकदा 'घरच्यांसोबत' हा शब्द सापडला की तो ज्वालामुखीवरच जाऊन थांबतो, हा माझा अनुभव.

पारसिकचे_अण्णा (शनिवार, सकाळी ६.०५)

आमच्या वेळी गृहपाठ म्हणजे दिवेलागणीला परवचा. शुभंकरोति, मग पाढे. पाढे म्हणजे नुसते बे एके बे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आज किती जणांना ठाऊक असेल? वडील शेजारी बसून घेत. त्यालाच तुम्ही आता 'घरच्यांसोबत' म्हणताय. माझा नातू नेरुळला चौथीत आहे, त्याला पाऊणकी शिकवायला घेतली तर म्हणतो आजोबा, फोनमध्ये कॅलक्युलेटर आहे.

खडूफळा (शनिवार, सकाळी ७.२०)

नवी मुंबई महापालिकेच्या शाळेत शिकवते, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने थोडं.

आधी नियम, कारण पालकसभेत तो उपयोगी पडेल. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचं २०२० चं दप्तर धोरण आहे. त्यात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवीला रोज एक तास. काल संध्याकाळी काय खेळलात, जेवायला काय होतं, हे मुलांना वर्गात बोलायला लावा, असंही त्यात सुचवलेलं आहे. म्हणजे मासुंदाकाठींच्या मुख्याध्यापिका काही जगावेगळं करत नाहीयेत. धोरण लोक दप्तराच्या वजनापुरतं वाचतात, पुढचं वाचत नाहीत.

आता ज्वालामुखी. आठदोनवाल्यांचा राग योग्य आहे, पण तो गृहपाठ 'घरच्यांसोबत'चा नव्हताच. तो 'घरच्यांकडून' होता. फरक सोपा आहे. विचारणारं मूल असेल आणि उत्तर मोठ्या माणसाकडे असेल, तर काम मुलाचंच राहतं. करून दाखवायची वस्तू असेल, तर मोठ्यांचे हात शिवशिवतातच. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉइस एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच धर्तीवर 'टिप्स' नावाची पद्धत बसवली. पालकाने शिकवायचं नाही, मुलाने आपलं काम पालकाला समजावून सांगायचं, त्याला काहीतरी विचारायचं आणि शेवटी पालकाने दोन ओळी अभिप्राय लिहायचा. रोज नाही, आठवड्याला एक किंवा पंधरवड्याला एक, आणि हातात काही दिवस मोकळे.

माझ्या वर्गात ते दोन ओळींचं जमत नाही. बऱ्याच आया घरकामाला जातात, वडील बांधकामावर किंवा मार्केटात माथाडी. जालना, बीड, सोलापूर, काही उत्तर प्रदेशातले. लिहिता येत नाही म्हणून लाजतात आणि शाळेकडे फिरकत नाहीत. म्हणून मी लिहून आणायला सांगतच नाही. मुलाने विचारून यायचं आणि सोमवारी वर्गात सांगायचं. आपल्या नळाचं पाणी मोरबे धरणातून येतं हे पुस्तकापेक्षा लवकर कळलं, कारण प्रश्न होता, 'आई लहान असताना पाणी कुठून आणायची आणि आता कुठून येतं?' वर्गात विहीर, हापसा, टँकर, नदीतला झरा सगळं आलं. मग फळ्यावर मोरबे आलं.

गेल्या वर्षीचा एक कागद होता, 'घरातलं माणूस कामाच्या ठिकाणी कसं मोजतं?' भाजीवालीच्या मुलीने तराजू सांगितला, रिक्षावाल्याच्या मुलाने मीटर. एक मुलगा एरवी मागच्या बाकावरून तोंड उघडत नाही. त्याचे वडील गवंडी. तो दप्तरातून प्लॅस्टिकची पारदर्शक नळी काढून उभा राहिला. म्हणाला, पप्पा भिंतीच्या या टोकाला आणि त्या टोकाला एकाच उंचीवर खूण करतात, ती हिने. नळीत पाणी भरायचं, एक टोक इकडे, एक तिकडे, मधे नळी कितीही लोंबली तरी दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला. वर्गाच्या दोन भिंतींवर खडूने खुणा करून घेतल्या त्याने. वाटेत हवेचा बुडबुडा राहिला तर खूण चुकते, म्हणून आधी बुडबुडे काढायचे, हे सुद्धा त्यानेच सांगितलं. मग ओळंबा, उभी रेघ सरळ आहे का ते बघायचा. दोरी आणि बोल्ट बांधून केला, आणि आमच्या वर्गाची एक चौकट तिरकी आहे हा शोध लागला. दुसऱ्या दिवशी वडील त्याला सोडायला थेट वर्गाच्या दारापर्यंत आले, चौकट बघायला. तिरकी आहे म्हणाले.

खर्च शून्य. असे प्रश्न शोधायला मात्र वेळ जातो, आणि तो शिक्षकाचा जायला हवा.

मोजपट्टी (शनिवार, सकाळी ९.४५)

खडूफळा बाई, नळीला दंडवत.

पण इथे सगळे 'उपक्रम चांगला, सराव वाईट' अशा सुरात जाण्याआधी जरा थांबा. ड्यूक विद्यापीठाच्या हॅरिस कूपर यांनी २००६ मध्ये गृहपाठावरच्या अमेरिकी संशोधनाचा मोठा आढावा घेतला. वरच्या वर्गांत गृहपाठ आणि यश यांचा संबंध ठळक दिसतो, प्राथमिकमध्ये अगदी क्षीण. हे वाक्य पालक फार आवडीने फिरवतात. मात्र कूपर गृहपाठ बंद करा म्हणत नाहीत. इयत्तेला दहाने गुणा तितकी मिनिटं रोज, असा त्यांचा ठोकताळा. तिसरीला अर्धा तास, म्हणजे आपल्या दप्तर धोरणापेक्षा जास्तच.

माझी मुलगी वाशीला चौथीत आहे. तिच्या वर्गातल्या काही मुलांना जोडाक्षरांचं वाक्य अडखळल्याशिवाय वाचता येत नाही. त्यांना साकवाचा नकाशा काढून वाचन येणार नाही. रोज दहा-पंधरा मिनिटं मोठ्याने वाचायला लागेल आणि समोर कुणीतरी ऐकणारं लागेल. ते कंटाळवाणं आहे, फोटोत चांगलं दिसत नाही, पण त्याला पर्याय नाही. पाढ्यांचंही तेच. पाऊणकी नको अण्णा, पण तेरापर्यंत तरी तोंडपाठ हवेत. पाऊणकी आज कुठे लागते ते एक उदाहरण द्या, मी माझे शब्द मागे घेतो.

दिवाळ्याचा (शनिवार, दुपारी १.३०)

मी देतो. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातला आहे, आजोबा होडीवर होते. भरती कधी, असं विचारलं की आजा म्हनायचा, "तीथ किती? तिची पाऊन कर." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. एकादशीला सव्वाआठ. पहाटेची-दुपारचीही तीच, संध्याकाळ-सकाळचीही तीच, कारण दिवसात भरती दोनदा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येला हिशोब सव्वाअकरा येतो, पाणी प्रत्यक्षात बारा-साडेबाराला चढतं. म्हणजे हा ठोकताळा आहे, वेळापत्रक नव्हे. आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते.

कारणही मुलाला सांगण्यासारखं आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तितकीच पुढे सरकते. तासाचे पाऊण म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, हिशोब जवळपास बसतो. अण्णांची पाऊणकी आमच्याकडे होडीत बसायची.

माझ्या पुतण्याने (पाचवी) हाच आठवड्याचा उपक्रम म्हणून केला. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची, वेळ काढायची, वर्तमानपत्रातल्या किंवा बंदर खात्याच्या भरतीच्या वेळेशी ताडून बघायची आणि किती मिनिटं चुकली ते लिहायचं. चूक कुठल्या तिथीला जास्त येते ते महिन्याभरात मुलालाच दिसतं. जेटीवर न्यायचं तर मोठं माणूस सोबत पाहिजे, आणि चिखलात अजिबात उतरू द्यायचं नाही. तो चिखल कंबरेपर्यंत ओढतो.

मोजपट्टी (शनिवार, दुपारी १.५५)

शब्द मागे. अण्णा, जिंकलात.

पारसिकचे_अण्णा (शनिवार, दुपारी २.१०)

चार पाऊण तीन, आठ पाऊण सहा. नातवाला आत्ताच फोन केला. म्हणाला, आधी का नाही सांगितलंत हे कशासाठी असतं.

गुलाबी_थवा (शनिवार, दुपारी ४.००)

दिवाळ्याचा यांच्या प्रतिसादाला पुस्ती. तोच हिशोब फ्लेमिंगो बघायला चालतो. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की पक्षी सीवूड्सच्या डीपीएस तलावासारख्या उथळ जागी येऊन थांबतात, ओहोटी लागली की पुन्हा चिखलावर चरायला. म्हणजे तिथीवरून मुलाने वेळ काढायची आणि आपण त्या वेळेला जायचं. मुलाचा हिशोब चुकला तर रिकामा तलाव दिसतो, वेगळे गुण द्यावे लागत नाहीत. हंगाम नोव्हेंबर-डिसेंबर ते मे. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. ऐरोलीला वन विभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटीनेही नेतात.

गुलाबी रंग कुठून येतो हा प्रश्न हमखास येणार. खाण्यातून. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव यांत ते रंगद्रव्य असतं. पिल्लं करडीच असतात.

अवांतर: पावसाळ्यात जमण्यासारखा एक. सरळ भिंतीची बाटली वरून कापायची, गच्चीवर ठेवायची, रोज ठरावीक वेळी पट्टीने मिलिमीटर मोजायचे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पडला की १५,००० लिटर. हा आकडा मुलीने आमच्या सोसायटीच्या सभेत वाचून दाखवला. त्या आठवड्यात टँकरचं बिल आलं होतं, त्यामुळे सभेत कुणी जांभया दिल्या नाहीत.

एकटी_पुरेशी (शनिवार, रात्री ९.२०)

एक विनंती सगळ्या शिक्षकांना. 'आई-बाबांना विचारा', 'वंशवृक्ष काढा', 'बाबांसोबत फोटो चिकटवा' असं छापू नका. मी आणि मुलगा दोघंच राहतो. मुलाने एकदा वंशवृक्षाचा अर्धा कागद कोरा ठेवला, आणि वर्गात एका मुलाने मोठ्याने कारण विचारलं. मासुंदाकाठींच्या शाळेने 'घरातल्या मोठ्या माणसाला' म्हटलंय ते बरोबर. त्याच्याही पुढे जाऊन 'तुमच्या ओळखीच्या मोठ्या माणसाला' म्हणा. माझ्या मुलाने शाळेच्या रस्त्याचा नकाशा आमच्या वॉचमनकाकांना विचारून काढला असता. ते नेपाळचे आहेत, डोंगर उतरून शाळेत जायचे.

खडूफळा (शनिवार, रात्री ९.४०)

एकटी_पुरेशी, तंतोतंत पटलं. माझ्या वर्गात गावी आजीकडे राहून आलेली, मामाकडे राहणारी, वसतिगृहातली सगळी मुलं आहेत. 'तुमच्या ओळखीचं मोठं माणूस' हेच शब्द सोमवारपासून वापरते.

मोजपट्टी, वाचनाचं बरोबर आहे आणि मी ते वर्गातच घेते. घरी ऐकणारं माणूस नसलेल्या मुलाला वाचन घरी देणं म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच ते न मिळणं. ज्यांच्या घरी आहे त्यांनी जरूर रोज ऐकावं. ऐकताना मधे मधे चुका काढत बसू नका. शब्द अडला तर थोडं थांबा, नाहीच आला तर सांगून टाका आणि पुढे जाऊ द्या. निम्मी मुलं वाचायला नाही, टोकलं जाण्याला कंटाळतात.

मासुंदाकाठी (रविवार, सकाळी ११.३०)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, वाचनखूण साठवली आहे. एक राहिलं होतं, ते आता सांगते. आमच्या ग्रुपवरच्या भांडणाचं खरं मूळ वेगळंच आहे. वर्गशिक्षिका दर गुरुवारी फोटो मागतात. कागदावर तसं काही नाही, मुख्याध्यापिकांनी सांगितलेलंही नाही, पण 'उपक्रमाचे फोटो पाठवा' असा निरोप येतो. मग पावशेराच्या भावावरून किलोचा भाव काढायचा कागद आला की एक आई भाजीबाजाराचा फोटो टाकते, जांभळी नाक्यावर मुलगा हातात वांगं धरून हसतोय. दुसरी व्हिडिओ टाकते, मागे गाणं लावून. तिसरीचा मुलगा झोपला होता तर तिने त्याला उठवून मीटरखाली उभं केलं, हे तिनेच मला लिफ्टमध्ये सांगितलं. ज्यांनी काही टाकलं नाही ते आपण मागे पडलो म्हणून चिडतात आणि उपक्रमच वाईट ठरतो.

आठदोनची_फास्ट (रविवार, दुपारी १२.१०)

हेच! ज्वालामुखीचाही फोटोच मागितला होता. फोटो मागितला की वस्तू हवी, वस्तू आली की दुकान आलं. तुमच्या सभेत दुसरं काही बोलू नका, एवढं एकच मंजूर करून घ्या, की फोटो बंद. बाकी आपोआप जागेवर येईल.

आणि वेळेचं म्हणाल तर, काल तुमचा धागा वाचून मुलाला म्हटलं, मला फोनवर काहीतरी विचार. संध्याकाळी माजिवड्याच्या सिग्नलला बस अडकली होती तेव्हा त्याने विचारलं, "बाबा, ठाणे स्टेशन किती जुनं?" मला येत होतं. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, चौदा डबे आणि ओढायला तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. मग त्याने उलटा प्रश्न टाकला, सगळ्यात नवं स्टेशन कुठलं? मी म्हटलं तूच शोध. ट्रान्सहार्बर लोकलच्या मार्गावरची (ठाण्याहून नवी मुंबईकडे) सगळी स्टेशनं त्याने आजीकडून ओळीने लिहून घेतली. आजीच्या यादीत ठाण्यानंतर थेट ऐरोली. दिघा गाव नाही, कारण ते जानेवारी २०२४ मध्ये उघडलं आणि आजी तिकडे गेलीच नाही त्यानंतर. यादी दुरुस्त कोण करणार यावर आता दोघांची जुंपली आहे.

माझं मत बदललं असं समजू नका. शाळेने हेच छापून दिलं असतं तर मी कटकटच केली असती. पण गुरुवारपर्यंत मुदत असते हे तुमच्या शाळेचं बरं आहे. 'उद्या आणा' म्हटलं की आमच्यासारख्यांचं संपलं.

मोजपट्टी (रविवार, दुपारी १.००)

सभेसाठी माझी एक सूचना. शिष्यवृत्तीवाल्या गटाला 'हा अभ्यास नाही' असं म्हणू देऊ नका. पावशेरावरून किलो हे गुणोत्तर आहे, मीटरची वजाबाकी चार-पाच अंकी आहे, तिथीची पाऊणपट हा अपूर्णांक आहे. कागदाच्या खाली बारीक अक्षरात 'यातून काय सराव होतो' एवढी एक ओळ शाळेने छापली तर अर्धे विरोधक गप्प बसतील. उरलेल्या अर्ध्यांना क्लास लावायचाच आहे, त्यांना लावू द्या.

मासुंदाकाठी (रविवार, दुपारी ३.१५)

ही ओळ आणि फोटो बंद, दोन्ही मांडते. शिवाय 'ओळखीचं मोठं माणूस'. मुख्याध्यापिकांना आजच निरोप पाठवला, त्यांचं उत्तर आलं: 'फोटो? कुठले फोटो?' म्हणजे त्यांना पत्ताच नव्हता. सभेआधीच एक काम झालं बहुतेक.

नेरुळची_नवीन (रविवार, रात्री ८.०५)

पहिल्यांदाच लिहितेय. फार उपयोगी धागा. माझी मुलगी दुसरीत आहे. भरती, मीटर, पाऊस, यातलं कुठलं तिला दर आठवड्याला देऊ? वेळापत्रक करून भिंतीवर लावायचा विचार आहे.

खडूफळा (रविवार, रात्री ८.३०)

दुसरीला काही देऊ नका. वेळापत्रक तर नकोच. भाजी आणायला जाताना तिला सोबत न्या आणि सुट्टे पैसे तिच्या हातात द्या. भाजीवाली बाकीचं बघून घेते.